सोळाव्या वर्षी आई-वडिलांपासून ‘मुक्त’? गोव्यात नाही!

गोव्यात पोर्तुगीज कायदा असल्याने सोळा वर्षांचं मूल कोर्टात अर्ज करून आई-वडिलांच्या ताब्यातून मुक्त होऊ शकतं, असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे. असा अर्ज चालतो तो अमेरिकेतल्या काही राज्यांत; कॅलिफोर्नियात तर 14 व्या वर्षापासून. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत पालकांच्या संमतीने मुक्ततेची सोय होती खरी, पण त्यासाठीही 18 पूर्ण लागत, कारण तेव्हा सज्ञान होण्याचं वय 21 होतं. आज 18 ला मूल सज्ञानच होतं.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र मुलांनो, अठराची वाट पाहू नका. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बालकल्याण समिती तुम्हाला सुरक्षित ठिकाणी ठेवू शकते.