‘इंजिन धडधाकट असेल तर बाकी सगळं घरी होतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यावी की नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की लेख लोकांना घाबरवतो. ओलीचा मी उगाच बागुलबुवा केला आहे. इंजिन धडधाकट असेल तर बाकी सगळं घरी होतं. टायरवरच्या तारखेची माहिती अपुरी आहे. आणि शेवटी, ‘लेखिकेचे हात कधी ग्रीसने माखले असतील असं वाटत नाही.’

टायरचं आधी संपवते, कारण तिथे तुमचा मुद्दा रास्त आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, एवढंच मी लिहिलं होतं. २००० च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असतात, ही तुमची भर योग्य आहे आणि ती लेखात घातली आहे. तीन आकडे दिसलेला टायर मात्र नक्षी कितीही शिल्लक असली तरी त्याच दिवशी काढायचा. कॅम्पर वर्षातले कितीतरी महिने एका जागी उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजून नाही तर वयाने जातात.

आता ते हातांचं वाक्य. मतभेद मला चालतात, त्यासाठीच प्रतिक्रिया खुल्या ठेवल्या आहेत. पण माझं म्हणणं कुठे चुकतं ते न सांगता मला यातलं काही कळत नसणार असं गृहीत धरायचं, हे बोलणं मला पटलं नाही. एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर तुम्ही हे वाक्य लिहिलं असतं का, याचा विचार तुम्हीच करा.

माझे वडील गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या शेडमध्ये असायचे. लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी, कालवणं, पॉलिश पेपर मारणं, ते वेल्डिंग करत असताना पलीकडच्या बाजूने ओलं फडकं घेऊन उभं राहणं, ही माझी कामं. पलीकडे अस्तर किंवा फोम असेल तर तो पेट घेतो, म्हणून ते फडकं. ओलीबद्दल मी जे लिहिते ते तिथून आलेलं आहे. हात नुसते माखले नाहीत, पोळलेही आहेत.

आणि म्हणूनच ‘बाकी सगळं घरी होतं’ हे वाक्य मला सोडून देता येत नाही. साध्या गाडीच्या चाकाच्या कमानीत हाताएवढा गंज असेल तर सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा डागायचा, लांबी, प्रायमर, रंग. तीच कमान कॅम्परची असेल तर आतल्या बाजूला कपाट असतं, कपाटामागे प्लायवूड, त्यामागे इन्सुलेशन, मधून वायर आणि कुठे कुठे गॅसची नळीही गेलेली. हे सगळं बाहेर काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी तिथे पडू द्यायची नाही. डागणं हा त्या कामातला लहान भाग. उकलणं आणि पुन्हा जसंच्या तसं बसवणं यातच माणूस थकतो. जुनं प्लायवूड काढताना तुटतं, स्क्रू फिरत नाहीत, आणि एक पॅनल काढलं की शेजारचंही ओलं निघतं. घराच्या अंगणात हे काम सुरू करून वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन एका सेल्फमध्ये चालू व्हायचं.

हे झालं पत्र्याच्या व्हॅनचं. ज्यांची बॉडी वेगळी बांधून चेसिसवर चढवलेली असते, त्या जुन्या गाड्यांत बाहेर अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबर, मध्ये थर्माकोलसारखा थर आणि लाकडी चौकट, आत पातळ प्लाय असं सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. पाणी छताच्या कडांतून, खिडक्यांच्या चौकटीतून, मागच्या दिव्यांतून, बाहेर सावलीसाठी लावलेल्या कापडी छताच्या पट्टीच्या स्क्रूंतून शिरतं आणि या थरांत अडकून बसतं. वाळायला त्याला वाटच नसते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. एकदा तो मिळाला की चौकट आतल्या आत भुसा होते, आणि बाहेरून गाडी चकचकीतच दिसते. याला तुम्ही बागुलबुवा म्हणता. फटी बुजवणारं सीलंट वरून मारलं तर नवं पाणी थांबतं, आत आलेलं आतच राहतं.

इंजिन महत्त्वाचं नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. गार इंजिन स्वतः चालू करून पाहा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट जळतंय, टायमिंग बेल्ट किलोमीटर भरले नसले तरी वर्षांवर बदलावा लागतो, हे सगळं त्यात आहे. मी फक्त क्रम सांगितला: आधी बॉडी, मग इंजिन. कारण इंजिन अख्खं उतरवून दुसरं चढवता येतं. १९७९ मध्ये आलेल्या फोक्सवागन टी३ या व्हॅनचं उदाहरण घ्या. तिच्या पाण्याने थंड होणाऱ्या बॉक्सर इंजिनच्या हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या, तक्रारी जगजाहीर आहेत, आणि कित्येक मालकांनी ते इंजिन काढून सुबारू कंपनीचं बसवलं. गाड्या पळताहेत. पण त्याच टी३ च्या पत्र्यांच्या जोडरेषांतलं सीलंट तडकलं की गंज आतून बाहेर येतो, रंगाला फोड दिसेपर्यंत मागचा पत्रा खाल्लेला असतो, आणि त्यावर दुसरी बॉडी चढवणं हा उपाय नसतो. आमची सध्याची व्हॅन घेताना मी इंजिन सगळ्यात शेवटी पाहिलं. ते दमलेलंच होतं, नंतर बदललं. बॉडी कोरडी होती म्हणून बदलण्याला अर्थ होता.

तुमचे बाकीचे मुद्दे, म्हणजे नव्या गाडीतही दोष निघतात, सगळ्यांना नवी परवडत नाही वगैरे, यांवर मी लेखात काही विरुद्ध लिहिलेलंच नाही. जुनी घेऊ नका असं मी म्हटलं नाही. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवत नाही.

एक मात्र सोडणार नाही. ‘गॅसची नळी तर कोणीही बदलतं’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. कृपा करून असं सार्वजनिक ठिकाणी लिहू नका. बंद डब्यात माणसं झोपतात, शेगडी आणि फ्रिज ज्योतीवर चालतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे काम जाणकाराकडून तपासून घ्यायचं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा.

तुम्ही स्वतः एक व्हॅन पाहायला जाणार आहात आणि विकणारा ‘थोडी ओल आहे, सीलंट मारलं की झालं’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलं आहे. राग बाजूला ठेवून सांगते. ओल मोजण्याचं मीटर घेऊन जा. आधी कोरड्या वाटणाऱ्या भागावर लावा, मग छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू. साधारण १५ टक्क्यांपर्यंत चिंता नको, २० च्या पुढे पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल, ३० च्या पुढे आतलं लाकूड गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दाराजवळची जमीन टाचेने दाबा. मऊ लागली तर थर सुटले आहेत. पत्र्याची व्हॅन असेल तर चाकांच्या कमानींवरून लोहचुंबक फिरवा, जिथे धरणार नाही तिथे लांबी जाड भरलेली आहे. ताजं सीलंट दिसलं तर ते कधी आणि कशासाठी मारलं ते विचारा. आणि मीटर लावू देत नसेल, तर इंजिनचा आवाज ऐकायलाही थांबू नका.