वॉल्टर टलला राखीव संघात कुणी बसवलं?

वॉल्टर टल म्हणजे इंग्लंडचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, पुढे पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी. त्याच्यावरची कुठलीही पोस्ट उघडा, सुरुवातीलाच 'पहिला कृष्णवर्णीय अमुक, पहिला कृष्णवर्णीय तमुक'. मला या 'पहिला'चा कंटाळा आलाय. इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये त्याच्याआधी आर्थर व्हॉर्टन हा गोलकीपर खेळून गेला होता. लष्करात जॉर्ज बेमंड त्याच्याआधी अधिकारी झाला होता. नसेल टल पहिला. मला त्याचं १९०९ साल जास्त छळतं.

बाप बार्बाडोसचा सुतार, आई केंटची. वॉल्टर नऊ वर्षांचा होईपर्यंत दोघंही गेले. सावत्र आईला सगळी पोरं सांभाळणं झेपेना, म्हणून तो आणि मोठा भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं, तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागेच राहिला.

क्लॅप्टन क्लबकडून हौशी फुटबॉल गाजवल्यावर १९०९ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्याला उचललं. ऑक्टोबरात ब्रिस्टलला मॅच होती. प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याच्या रंगावरून असलं काही सुनावलं, की एका वार्ताहराने ती भाषा बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारालाही लाजवणारी होती असं लिहिलं. त्यानेच हेही लिहिलं, की टल मैदानातला सगळ्यात चांगला फॉरवर्ड होता.

मी कोल्हापूरचा. गॅलरीतून खेळाडूची आयमाय काढणं मला नवीन नाही. लहानपणी मीही त्यात ओरडलोय, खोटं कशाला बोलू. पण पब्लिक एक वेळ सोडा, क्लबने काय केलं? थोड्याच दिवसांत टल राखीव संघात. दोन वर्षांत लीगच्या एकूण १० मॅच आणि २ गोल. कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण शिव्या देणारे पुढच्या शनिवारी तिकीट काढून आत आणि खाणारा बाहेर, हा हिशोब समजायला कागद लागत नाही.

१९११ मध्ये नॉर्दम्प्टन क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्याला घेतलं. तिथे तो शंभरावर मॅच खेळला. म्हणजे पायात काही खोट नव्हती.

डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या 'फुटबॉलर्स बटालियन'मध्ये भरती झाला आणि फ्रान्समधली सोमची लढाई लढला. लष्कराच्या नियमात स्पष्ट होतं, अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच हवा. तरी मे १९१७ मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाला. याला काही जण ब्रिटिशांचं मोठं मन म्हणतात. कसलं मोठं मन! नियम तसाच ठेवला आणि गरज पडली तिथे डोळेझाक केली. त्याच युद्धात आपल्याकडचे मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहरापर्यंत जाऊन मेले. 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले' अशा पाट्या साताऱ्याकडच्या गावांत अजून दिसतात. आणि सुभेदाराचे केस पिकले तरी काल मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम त्यानेच ठोकायचा.

इटलीत पियावे नदीच्या आघाडीवर टलच्या हाताखाली गोरे सैनिक होते. तिथल्या शौर्याबद्दल आणि डोकं शांत ठेवल्याबद्दल वरिष्ठांनी त्याची लेखी वाखाणणी केली. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी शिफारस झाल्याचं एका सहकारी अधिकाऱ्याने एडवर्डला पत्रातून कळवलं. क्रॉस काही मिळाला नाही. तो मरणोत्तर द्यावा म्हणून इंग्लंडमध्ये मोहीम चालली. माझी सही घ्या हवी तर, पण ब्रिस्टलनंतरच्या त्या राखीव संघाचं काय करायचं?

२५ मार्च १९१८. फ्रान्समधलं फाव्ह्रुय. जर्मनांच्या मोठ्या चढाईत पलटण मागे हटत होती, तेव्हा टलला गोळी लागली. तिसावा वाढदिवस एका महिन्यावर होता. टॉम बिलिंगहॅम नावाचा शिपाई त्याला उचलायला गेला. हा लेस्टरचा जुना गोलकीपर. शत्रू अगदी अंगावर आला, तेव्हा नाइलाजाने त्याला टलला तिथेच ठेवून परतावं लागलं. मृतदेह पुढे सापडला नाही. आरासच्या स्मारकावर बेपत्ता सैनिकांच्या यादीत त्याचं नाव कोरलेलं आहे.