आपत्तीतल्या शिक्षणाचं नियोजन कसं करावं (शाळेला न विचारता)

गेल्या आठवड्यात पावसाळापूर्व आढावा बैठक झाली. बोटी झाल्या, लाइफ जॅकेट झाले, जेसीबी, धान्य, जनावरांचा चारा, सर्पदंशाची इंजेक्शनं, सगळं झालं. बरोबर आहे, जीव आधी, त्याबद्दल तक्रार नाही. शिक्षणाचा नंबर आला तेव्हा नेमका चहा आला. चहा घेता घेता साहेब म्हणाले, "शिक्षणवाल्यांचं काय, शाळांच्या चाव्या तलाठ्याकडं देऊन ठेवा. बाकी निरंक ना?" आणि पुढचा विषय. घरी पोचतोय तोवर ग्रुपवर मेसेज: शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा आजच सायं. 5 पर्यंत लिंकमध्ये भरावा, विलंबाची जबाबदारी आपली राहील. मेसेज आला तेव्हा पावणेसहा वाजलेले. लिंक अर्थातच उघडत नव्हती.

तर कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मास्तरकी करून, 2019 आणि 2021 चे दोन्ही पूर बघून जे काही शिकलो ते होतकरू नियोजनकारांसाठी लिहून ठेवावं म्हटलं. उद्या तुम्हीही कुठल्यातरी समितीचे समन्वयक व्हाल, उपयोगी पडेल.

सुरुवात आराखड्यापासून. आराखडा कधीही नव्याने लिहायचा नाही, मागच्या वर्षीचा उघडायचा, वर्ष बदलायचं, सेव्ह करायचं. मागच्या वर्षीचा सापडला नाही तर दुसऱ्या जिल्ह्याचा घ्या. आमच्याकडं जो आराखडा फिरतोय त्यात "समुद्रास उधाण आल्यास विद्यार्थ्यांना किनाऱ्यापासून दूर न्यावे" असं वाक्य आहे. शिरोळ तालुक्यात! नृसिंहवाडीच्या घाटावर उभं राहून समुद्र शोधला, दिसला नाही, पण तयारी असलेली बरी. संपर्क यादीलाही हात लावू नका. यादीत एक केंद्रप्रमुख रिटायर होऊन मुलाकडं पुण्याला गेलेत, एक गुरुजी वारले. त्यांचा नंबर अजून "शाळास्तर नोडल व्यक्ती" म्हणून आहे.

समन्वय समितीत प्राथमिक शिक्षक घेऊ नका, तो प्रश्न विचारतो.

आता मुख्य मुद्दा. शाळा म्हणजे काय? शाळा म्हणजे इमारत. पक्कं छत, चार-सहा खोल्या, संडास, पाण्याची टाकी, खिचडीची भांडी. मुलं हा त्यातला अडथळा आहे आणि पुराच्या काळात तो आपोआप दूर होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे आमच्या दुसरीतल्या पोराला पण पाठ आहे. 2019 ला ती 55 च्या वर गेली, 2021 ला त्याच्याही वर. माणसं जाणार कुठं? शाळेतच येणार, यावंच, दार आम्हीच उघडतो, रात्री दोनला पण उघडतो. ऑफिसच्या व्हरांड्यात म्हशी बांधलेल्या असतात, झेंड्याच्या कट्ट्यावर कडबा, बालवाडीच्या खोलीत बाळंतीण. त्यांच्यावर राग कुणाचाच नाही.

राग आहे तो नंतरचा. पाणी उतरतं, माणसं घरचा गाळ काढायला जातात, शाळा रिकामी होते असं तुम्हाला वाटेल. कशाची रिकामी. आता तिथं मदत साहित्य उतरतं. एका खोलीत गाद्या, एकीत पाण्याच्या बाटल्या, एकीत जुने कपडे, ज्यात मुंबईहून आलेले कोट आणि लग्नातले शेरवानीपण असतात. त्या खोलीला कुलूप, कुलपाची चावी तालुक्याला, तालुक्याला फोन केला तर ती चावी ज्यांच्याकडं आहे ते पंचनाम्याला गेलेत. पंचनामे संपले तर ते ट्रेनिंगला गेलेत. तोवर पहिली ते चौथी एका खोलीत कोंबा, पाचवी-सहावी देवळात बसवा, देवळात आरती असली की सुट्टी, सातवीला "स्वयंअध्ययन", म्हणजे बाहेर हुंदडा. तालुक्याला विचारायचं, परत शाळा कधी मिळणार? तर उत्तर येतं "वरून आदेश आला की". वर विचारलं तर "स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा". स्थानिक पातळी म्हणजे मी, आणि माझ्याकडं चावी नाही. भिंतीला कमरेएवढी ओल, फरशीवर गाळ, बोअरला वास. साफसफाईचा निधी मागितला तर कागदावर सुंदर शब्द येतो: लोकसहभागातून. अहो, ज्या लोकांच्या चुलीत गाळ आहे त्यांनी सहभाग कुठून आणायचा? ताब्यात घेताना तुम्हाला आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 तोंडपाठ असतो, जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार, इमारत अधिग्रहित, सही-शिक्का, सगळं अर्ध्या तासात. परत देताना मात्र कायदा आठवत नाही, कागद नाही, तारीख नाही, माणूस नाही.

असो. शांतपणे सांगायचं ठरवलंय.

माहिती गोळा करणे. हा समन्वयाचा आत्मा आहे. एकच माहिती निदान चार जणांनी मागवावी, प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा असावा. एकाला किती मुलं बाधित हे पाहिजे, दुसऱ्याला किती कुटुंबं, तिसऱ्याला जिओटॅग फोटो, चौथ्याला तेच सगळं पण एक्सेलमध्ये, मराठी फॉन्ट चालणार नाही. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्याच शाळा-माहितीच्या पोर्टलवर, शाळेच्या खोल्यांपासून नळापर्यंत सगळं आधीच भरलेलं असतं, पण ते उघडून बघणं हा कमीपणा आहे. जगात या कामाला एज्युकेशन क्लस्टर नावाची व्यवस्था आहे, युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन मिळून चालवतात. तिथं एक साधा तक्ता सगळ्या संस्था भरतात: कोण, काय, कुठं, कधी करतंय. एवढाच तक्ता. आपण असलं काही करू नये, नाहीतर कुठल्या गावाला काय मिळालं आणि कुठल्या गावाला काहीच नाही मिळालं हे एका कागदावर दिसेल, आणि मग पंचाईत.

कारण पुढची टीप वाटपाची आहे. दप्तरं वाटायला नेहमी हायवेजवळची शाळा निवडा. गाडी वळवायला सोपी, फोटोला कमान चांगली. आमच्या रस्त्याकडच्या शाळेत एका पोराकडं तीन दप्तरं झालेली, तिन्हीवर वेगवेगळ्या नेत्यांचे चेहरे, आणि आतल्या अंगाच्या, पुलापलीकडच्या वस्तीतली पोरं सिमेंटच्या पिशवीतून वह्या आणायची. कंपास बॉक्स तर इतके आले की आया त्यात हळद-मोहरी ठेवायला लागल्या. पाठ्यपुस्तकं मात्र कुणी आणली नाहीत, त्यावर फोटो छापता येत नाही ना. 2019 ला मदतीच्या धान्याच्या पिशवीवरची नेत्यांची स्टिकरं अख्ख्या महाराष्ट्राने बघितली, त्यामुळे याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुरात लाईट नाही, टॉवर बंद, तरी दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपची लिंक पाठवावी.

मुलांच्या मनावर काय परिणाम झाला असं कुणी विचारलं तर चित्रकला स्पर्धा घ्यावी. विषय: माझ्या गावचा पूर. पहिल्या तीनला बक्षीस, फोटो ग्रुपवर.

शिक्षकांचा वापर. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण घाबरू नका, त्यातच पुढं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून असंही आहे. म्हणजे काम द्यायला कायद्याची ना नाही. बोटीवर नोंद ठेवायला शिक्षक, छावणीत नावं लिहायला शिक्षक, धान्य मोजायला, पासबुकाच्या झेरॉक्स गोळा करायला, कुणाच्या घरात पाणी किती फूट आलं ते लिहायला. हे आम्ही केलं, परत करू, गाव आमचंच आहे. फक्त त्या काळात पोरांना कोण बघणार या प्रश्नाला कायद्यात कलम नाही, आणि तुमच्या आराखड्यात रकाना नाही. छावणीत पोरगं दिवसभर बापाच्या मोबाईलवर पुराचेच व्हिडिओ बघत बसलेलं असतं. दोन सतरंज्या, एक फळा आणि बदलीला एक माणूस दिला असता तरी तिथं वर्ग भरला असता. माणूस कुठून द्यायचा? पलीकडच्या तालुक्यात जिथं पाऊस पण नीट पडलेला नाही तिथले शिक्षक रिकामे नाहीत, मान्य, पण आठवडाभर पाळीने दोन-दोन आले तर आकाश कोसळत नाही. पण त्यासाठी ऑर्डर कोण काढणार, त्या तालुक्याचा गट शिक्षणाधिकारी की आमच्या, यावरच पूर ओसरतो.

कागदपत्रं. शाळेचं जनरल रजिस्टर खालच्या कपाटात ठेवावं, पाणी आलं की ते पहिलं भिजतं. आमचं भिजलं. पार जुन्या काळापासूनची नावं, शाई फुटून निळा लोट झालेला, पंख्याखाली एकेक पान ब्लॉटिंग पेपर घालून वाळवलं, मधेच पान चिकटून आलं तर चार जणांच्या जन्मतारखा गेल्या. त्याच रजिस्टरवर लोकांचे जातीचे दाखले, पेन्शन, पोरांचे पुढचे प्रवेश अवलंबून. ते स्कॅन करायला स्कॅनर मागितला होता, दोनदा लेखी. उत्तर आलं की संबंधित लेखाशीर्षात तरतूद नाही, आणि त्याच आठवड्यात "आपत्तीसज्ज शाळा" असं लिहिलेला फ्लेक्स आला, पाच बाय आठचा, मुख्य गेटला लावून फोटो पाठवणे. फ्लेक्सला तरतूद होती. पुढच्या पुरात तो फ्लेक्स आम्ही छतावर गळतंय तिथं टाकला, तेवढा मात्र आपत्तीत कामाला आला.

आणि हो, पाणी उतरल्यावर पायाभूत चाचणी वेळेत घ्यावी, गुण पोर्टलवर भरावेत.

आता उपरोध पुरे. सरळ बोलतो.

हे अशक्य काम नाही. इथं कुणाला अमेरिकेचं बजेट लागत नाही. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला, हजारो वर्गखोल्या पडल्या, 31 मेला शाळा उघडल्या, बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गात. वायनाडला 30 जुलै 2024 ला दरड आली, मुंडक्कई आणि वेल्लारमलाच्या शाळा गेल्या, 2 सप्टेंबरला ती पोरं मेप्पाडीत वर्गात बसली, त्यांना आणायला बस लावल्या. आणि आपल्याकडं काही जमत नाही असंही नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर 1993 ला भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला आणून शिकवली. म्हणजे तेव्हाही कुणाच्या तरी डोक्यात होतं की घर पडलं तरी पोराचं वर्ष पडता कामा नये. ते एका संस्थेच्या डोक्यात होतं, तुमच्या फायलीत ते तीस वर्षांनीही आलं नाही.

शाळा निवारा म्हणून वापरायची तर शेवटचा पर्याय म्हणून, आणि परत कधी देणार ते आधी ठरवून. हे मी मनाचं सांगत नाही, आपत्तीतल्या शिक्षणाची जी आंतरराष्ट्रीय किमान मानकं 2004 पासून आहेत, त्यात आहे. तुम्ही ट्रेनिंगला जाऊन ती पीपीटी बघून आलाय, मला माहितीय, कारण तिचे फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकलेत.

आम्हाला पीपीटी नको. पाणी यायच्या आधी एका दुपारी बसा. पूररेषेतल्या शाळांची यादी काढा, ती जलसंपदाकडं आहे, मागावी लागत नाही, टेबल बदलून आणावी लागते. कुठली शाळा छावणी होणार आणि कुठली काही झालं तरी होणार नाही, ते लिहा. छावणी झालेल्या शाळेची पोरं कुठं बसणार, वरच्या गावातल्या शाळेत दुपारच्या सत्रात की मंगल कार्यालयात, ते लिहा, आणि त्या मंगल कार्यालयवाल्याला आत्ताच सांगा, पाणी आल्यावर नको. बदली शिक्षकांची ऑर्डर आत्ता टाईप करून ठेवा, तारीख रिकामी सोडा. बालभारतीचे किती संच जादा लागतील ते पटसंख्येवरून निघतं, त्याला सर्व्हे लागत नाही. मदत साहित्य शाळेत उतरवायचं नाही, मार्केट यार्डात उतरवा. आणि रजिस्टर स्कॅन करा, मोबाईलने करा, पण करा.

एवढं जमत नसेल तर निदान आमच्याकडून आराखडे मागवू नका. दरवर्षी आम्ही खोटं लिहायचं, तुम्ही खोटं एकत्र करायचं, वर पाठवायचं, आणि वरचे म्हणणार जिल्हा सज्ज. 2005, 2019, 2021, 2024 ला पण जुलैत धोक्याची पातळी ओलांडलीच की. पाणी कधी येतं, कुठून येतं, कुठल्या शाळेत किती फूट येतं, सगळं माहितीय. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यावर भांडा, ते भांडण मोठं आहे, तेही लागतं. पण शाळेची चावी कुणाकडं असावी हे ठरवायला कर्नाटकची परवानगी लागत नाही.

प्रत्येक शाळेच्या अधिग्रहणाच्या कागदावर एक ओळ घाला: ही इमारत अमुक तारखेला साफ करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात देण्यात येईल. खाली सही. सही तहसीलदारांची की शिक्षणाधिकाऱ्यांची, यावर वाद असेल तर तो आत्ता घाला, जूनमध्ये. ऑगस्टमध्ये तुमचे फोन लागत नाहीत.