भैरवीपासून सुरुवात

फोनवर गाणी ऐकणं आईला पसंत नाही. "ऐकता ऐकता मधेच माणसं येतात त्यात," असं तिचं म्हणणं. मागे एकदा सोलापूरच्या कंबर तलावावर सकाळची फेरी मारताना ऐन अभंगात तिला फोन आला. पलीकडची मुलगी विचारत होती, कर्ज हवंय का. आईने बाकावर बसून तिला पंधरा मिनिटं कर्ज का काढू नये ते समजावलं. अभंग राहिला, फेरी राहिली. घरी आल्यावर फोन माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "ज्यात माणूस येणार नाही असं कायतरी आण."

म्हणून नवी पेठेतून गाणी वाजवायचा प्लेअर आणला. काडेपेटीएवढा, पदराला अडकवायला मागे चिमटा, पुढे नखाएवढा पडदा. चार जीबी. दुकानदार पिशवीत घालता घालता म्हणाला, "काही नाही ओ काका, टाकायचं आणि ऐकायचं." ह्या वाक्यात मधे जो 'आणि' आहे, त्यात माझे पंधरा दिवस गेले.

टाकायचं तरी काय होतं? वडिलांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट. नव्वद मिनिटांची, १९९१ सालच्या कार्तिकी एकादशीला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भरलेली. वडील गिरणीत होते. पाळी सुटली की डबा घरी आणि टाळ हातात. पुण्याच्या भाच्याने दिवाळीत ती कॅसेट नेली आणि फायली करून पेनड्राइव्हमध्ये पाठवली. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर जिथे शांतता सापडेल तिथे कात्री मारतं, तशा सतरा फायली झाल्या होत्या. १२८ केबीपीएसची, म्हणजे साधारण प्रतीच्या आवाजाची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक एमबी खाते, म्हणजे आमचं सगळं भजन नव्वद एमबीच्या आत. चार जीबीत असं जवळपास सत्तर तासांचं भजन मावतं. तेवढं भजन आजवर आमच्या गल्लीत फक्त मंदिराला भिंत लागून असलेल्या घराने ऐकलंय, तेही नाइलाजाने.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दिवसभर एक्सेलमध्ये गठ्ठे मोजतो, त्यामुळे घरच्यांच्या मते मला कॉम्प्युटर येतो. हा गैरसमज मी इतकी वर्षं कष्टाने जपला होता.

रविवारी दुपारी वायर जोडली. प्लेअरवर बॅटरीचं चित्र हलायला लागलं, कॉम्प्युटर मात्र ढिम्म. वायर मागच्या भोकात घातली, पुढच्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ड्रायव्हर म्हणून काहीतरी असतं असं ऐकून होतो, ते शोधून टाकलं. त्याने प्रिंटर बंद पडला. "काय करलालास रे दुपारपासून?" आईने दारातून विचारलं. मी म्हणालो, जोडलालोय. संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तिथल्या पोराने माझी वायर हातात घेऊन नुसती दाबून बघितली आणि म्हणाला, "काका, ही चार्जिंगची हाय." प्लेअरबरोबर मिळालेली वायर मी वेंधळेपणाने मुलीच्या चार्जरला लावली होती आणि तिची उचलून आणली होती. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्याने कप्प्यातल्या दोन मोडक्या वायरी काढल्या आणि ब्लेडने सोलल्या. एकीत दोनच तारा, लाल आणि काळी. दुसरीत चार: लाल, काळी, हिरवी, पांढरी. "लाल-काळीतनं करंट जातो, हिरव्या-पांढरीतनं माल." बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. कापडाच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला ह्याहून सोपं कसं सांगणार? माझ्या वायरीला ताणा होता, बाणाच नव्हता. दोन दिवस मी नुसत्या ताण्यावर चादर विणत होतो.

खरी वायर लागली आणि कॉम्प्युटरने प्लेअरला लगेच ओळख दिली. गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आपणहून पुढे आलं: सिंक करायचं का? मला वाटलं, ह्यालाच म्हणतात टाकणं. हो म्हणालो.

सिंक म्हणजे दोघांचं एकमत. दोघांचं एकमत कसं होतं हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको: एकाची यादी खरी धरायची आणि दुसऱ्याने आपलं सगळं पुसायचं. इथे खरी यादी कॉम्प्युटरची, आणि कॉम्प्युटर मुलीचा. तिने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी जमवलेली एकशे बारा गाणी निमूटपणे प्लेअरमध्ये जाऊन बसली. अभंग पेनड्राइव्हवर होते, ते यादीतच नव्हते. हे मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आई फिरून आल्यावर. ती शांतपणे चप्पल काढत म्हणाली, "पहिल्या फेरीला वाटलं, कुणाची तरी वरात चाललीय. दुसऱ्या फेरीला कळलं, वरात माझ्याच कानात हाय."

मग सिंकचा नाद सोडला. प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो हे भाच्याने फोनवर सांगितलं. "मामा, नुसतं कॉपी-पेस्ट करायचं," असं तो ज्या सुरात म्हणाला, तो सूर मी कारखान्यात नव्या हमालांशी वापरतो. टाकण्याआधी फायली तपासल्या. नवव्या नंबरची फाइल जेमतेम अकरा सेकंदांची. सुरुवातीला खोकला, मग काहीतरी खरखर. शांततेच्या दोन कात्र्यांमध्ये सापडलेली चिंधी असणार, म्हणून शेवटपर्यंत न ऐकताच काढून टाकली. सोळा अभंग राहिले. सगळे एकदम निवडले, ओढले, टाकले. झालं!

संध्याकाळी आईने कानात घातलं आणि अर्ध्या मिनिटात काढलं. "का रे, भैरवी लागली."

"मग?"

"मग काय? भैरवी झाली की उठायचं असतंय. मी तर आत्ता बसले."

ज्यांना भजनाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. भजनाला क्रम असतो. आधी मंगलाचरण, मग रूपाचा अभंग, पुढे बाकीचे, गौळण, आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली की मागचे लोक चपला शोधायला लागतात. ती पहिली लावणं म्हणजे पाहुणा उंबऱ्यात असतानाच त्याच्या हातावर बडीशेप ठेवण्यासारखं. त्यापुढे प्लेअरने मंगलाचरण लावलं, मग रूपाच्या अभंगाऐवजी दहावा, अकरावा, बारावा.

दहावा-अकरावा का, ते लवकर कळलं. काही यंत्रं आकडासुद्धा अक्षरासारखा वाचतात. एकाने सुरू होणारे सगळे आधी, म्हणजे एक, दहा, अकरा, आणि बिचारा दोन नंबर सतरानंतर. उपाय म्हणजे ०१, ०२ असं लिहायचं. सोळा फायलींना बसून शून्यं लावली. पुन्हा टाकल्या. पुन्हा भैरवी!

ह्यावर मी जितका विचार केला तितका मुलीच्या लग्नाचाही केलेला नाही. शेवटी एका रात्री उलगडा झाला, आणि झाला तो माझ्याच धंद्यातून. प्लेअरच्या आत मालाची नोंद ठेवायची जी पद्धत आहे तिला फॅट म्हणतात. पोटावरच्या चरबीशी संबंध नाही. ती १९७७ च्या सुमाराची, फ्लॉपीच्या जमान्यातली. ती म्हणजे आमचं आवक रजिस्टर. जो गठ्ठा आधी आला त्याची नोंद आधी. कॉम्प्युटर ते रजिस्टर उघडतो तेव्हा नावं नीट लावून दाखवतो, म्हणून आपल्याला पडद्यावर सगळं ओळीत दिसतं. पण स्वस्तातला प्लेअर एवढी मेहनत घेत नाही. तो रजिस्टर वरून खाली वाचतो आणि तसंच वाजवतो. आणि भैरवी पहिली का? तर सगळ्या फायली निवडून ओढताना मी ज्या फायलीला धरलं, ती आधी गेली. दर वेळी मी शेवटच्या फायलीला, म्हणजे भैरवीच्याच मानगुटीला धरत होतो.

तेव्हा आता प्लेअर पुसून कोरा करायचा आणि एकेक अभंग हाताने, क्रमाने, आत सोडायचा. पंगत बसवतात तसं. रविवारी सकाळी अंघोळ करून बसलो. सात अभंग सोडले, आणि बाहेरून आरोळी आली, "पाणी आलं!"

सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, आणि ते आल्यावर कुठलंच काम दुसऱ्या नंबरला नसतं. सगळीच कामं रद्द होतात. मी मोटर लावली, टाकी भरली, पिंप भरलं, घागरी, बादल्या, शेवटी डबे. तासाभराने ओल्या पायांनी परत आलो तर मुलगी खुर्चीवर. "बाबा, तुम्ही किती हळू करत होता! मी टाकून दिले सगळे एका झटक्यात."

ओरडायला तोंड उघडलं, पण ह्या घरात 'सिंक'चं बटण पहिल्यांदा कुणी दाबलं ते तिला माहीत होतं. पुढच्या पाण्यापर्यंत थांबलो नाही. त्याच रात्री सगळे झोपल्यावर सोळाही अभंग एकेक करून बसवले. प्रत्येकाच्या आधी नंबर मोठ्याने म्हणायचो. बायको झोपेत म्हणाली, "लिलाव कसला चाललाय?"

मधे आणखी एक भानगड निस्तरली होती, ती सांगायची राहिली. पडद्यावर अभंगाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत आणि त्याखाली इंग्रजीत 'अननोन आर्टिस्ट'. मुलीने आजीला अर्थ सांगितला: माहीत नसलेला कलाकार.

आई प्लेअरकडे बघतच राहिली. "पस्तीस वर्षं पहाटे चारला उठून ज्यांचा डबा केला, ते माहीत नसलेले?"

हे मात्र मला मनाला लागलं. शोधलं. गाण्याचं नाव, गायकाचं नाव हे फायलीच्या शेपटीला एका चिठ्ठीत लिहिलेलं असतं. ही चिठ्ठी १९९६ सालची; पूर्ण चिठ्ठी १२८ बाइटची, त्यात गायकाला जागा फक्त ३० बाइट. बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा मोजायचं बारकं माप. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळ्या लिप्या लिहायची सोय; तिच्या रुळलेल्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. नुसतं 'ह.भ.प.' लिहिलं की टिंबांसकट बारा बाइट गेले. पुढे नाव, बुवा आणि गाव कुठे लिहायचं? ज्याने ही चिठ्ठी आखली त्याच्या गावात कीर्तनकार नसणार. नंतर निघालेल्या चिठ्ठीत ऐसपैस जागा आहे, तीत मी सगळं पूर्ण लिहिलं, ह.भ.प.सकट. तरीही चौकोनच. प्लेअरच्या पोटात देवनागरी अक्षरांचे खिळेच नव्हते. शेवटी रोमन लिपीत 'बाबा' लिहिलं. आईला इंग्रजी येत नाही, पण ह्यात दोनच अक्षरं आहेत आणि ती दोनदा येतात. तिने लगेच ओळखली.

तर सोळा अभंग, क्रमाने. सोमवारी आई फिरून आली ती खुशीत. मंगलाचरणापासून भैरवीपर्यंत सगळं जागच्या जागी. मी चहाचा कप खाली ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मधलं ते कुठं गेलं?"

"मधलं काय?"

"ते रे. कॅसेटची एक बाजू संपते आणि हे म्हणतात ते."

मी खोलीत जाऊन पेनड्राइव्ह लावला. नवव्या नंबरची फाइल, अकरा सेकंद. आवाज वाढवून ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकली. खोकला. टाळ खाली ठेवल्याचा आवाज. मग वडील, अगदी माइकजवळ: "थांबा, थांबा. पट्टी संपली. पलटी मारा ओ." लांबून कुणीतरी म्हणतं, "मारतो की." आणि खट्.

ती फाइल प्लेअरमध्ये टाकली. पण आवक रजिस्टरचा नियम तुम्हाला आता माहीत आहे. उशिरा आलेला गठ्ठा शेवटी. नाव काहीही ठेवा, तो आठव्या आणि दहाव्याच्या मधे जाऊन बसणार नाही. त्यासाठी सगळं पुसून पहिल्यापासून एकेक सोडावं लागणार. मी आईला म्हणालो, रविवारी करतो. पाणी नसेल तर.

मंगळवारी ती नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा परत आली. मी काळजीत. ती म्हणाली, "राहू दे रे, काही करू नको. आता भैरवी संपली की हे म्हणतात, पलटी मारा ओ. आणि ते बारकं मशीन लगेच पहिल्यापासनं सुरू होतंय." मग पदराचा चिमटा काढता काढता, "आणि एवढं सांगितल्यावर उठून कसं यायचं?"

हल्ली सकाळचा चहा मीच करतो.