सा व जी

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, आणि घरूनच मी सावजी मसाला विकते, आजवर साध्या पिशवीत भरून वरून स्टेपल, झालं. पण भाचा पुण्याहून यूएक्स डिझायनर (वेबसाइट, अ‍ॅप लोकांना वापरायला सोपं करणारा) होऊन आला आणि म्हणे मावशी, तुझं ब्रँडिंगच नाही. म्हटलं बाप्पा, करून दे ना मग, घरचा पोरगा पैसे थोडीच मागते. (मागितले त्याने. असो.)

पहिल्याच दिवशी त्याने यूजर पर्सोना काढला, म्हणजे मनानेच एक गिऱ्हाईक बाई तयार केली, वय 32, आयटीत नोकरी, मिहानकडे फ्लॅट, रविवारी हौसेने स्वयंपाक. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हिची उधारी किती? कारण माझा खरा यूजर म्हणजे गल्लीतल्या काकू, आणि त्या तीन महिन्यांपासून एक तारखेला पैसे देऊन राहिल्या.

मग व्हाइट स्पेस. एवढी जागा रिकामी काहून ठेवली रे, तर म्हणे नजरेला आराम पडते. अरे, नागपुरात रिकामी जागा दिसली की लोक प्लॉट पाडतात, तिथे निदान रश्श्याची कृती तरी टाक! नाही टाकली. वेबसाइटच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसल्या, मला वाटलं शंकराचं गंध, हातही जोडले, तर तो हॅम्बर्गर मेनू निघाला, 1981 च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स नावाच्या माणसाने काढलेला. सावजीच्या साइटवर हॅम्बर्गर, घ्या.

एका शब्दावर मात्र मी जिंकली. तो सारखा "लीडिंग वाढवतो" म्हणून राहिला होता, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. म्हटलं लीडिंग नाही रे, लेडिंग. आमचे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, दोन ओळींच्या मधात शिशाच्या पट्ट्या घालायचे, लेड म्हणजे शिसं, त्यावरून तो शब्द. पोरगा गप्प, मग गुगल केलं, मग अजूनच गप्प.

त्यानंतर मी अशी काही हवेत की प्रूफ मोबाइलवर आलं तेव्हा चष्मा आणायला वर कोण जाते, "तिखट"ची वेलांटी तेवढी पाहिली आणि ओके करून टाकलं. 500 पाकिटं छापून आली. पाहते तर सा व जी. वाटण्या झालेल्या भावांसारखी तीन अक्षरं तीनीकडे, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली शिरोरेषा! इंग्रजीत अक्षरं अशी लांब लांब ठेवली की भारी दिसतात म्हणे, ट्रॅकिंग म्हणतात त्याला, तेच याने मराठीला करून ठेवलं. बाबा खिळ्याला खिळा चिकटवून बसवायचे, वरची रेघ जुळली नाही तर पूर्ण ओळ सोडून परत लावायचे, आणि त्यांच्या पोरीच्या पाकिटावर हे.

मग काय, दोन दुपारी कूलरपुढे बसून पट्टी आणि मार्करने सगळ्या पाकिटांवर रेघा ओढल्या, शेवटच्या शंभरेक वाकड्याच गेल्या. भाच्याने नेमका त्यातल्याच एकाचा फोटो पोर्टफोलिओत टाकला आणि खाली लिहिलं, हँडक्राफ्टेड फील. काकूंनाही पाकीट आवडलं. दोन नेली, म्हणे लिहून ठेव.