दोन केळ्यांनी पोटॅशियम भरून निघत नाही

‘रात्री पोटऱ्यांत गोळे येतात? पोटॅशियम कमी झालंय! रोज दोन केळी, एक शहाळं, साध्या मिठाऐवजी सैंधव आणि सकाळी ज्येष्ठमधाचा काढा. तपासणीची गरज नाही.’ घरच्या ग्रुपवर हा मजकूर तिसऱ्यांदा आला, तेव्हा उत्तर लिहायला बसलो.

आधी पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं. रात्री वांब येणाऱ्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच निघतं. उलट ते थोडंसं उतरलं, तर अनेकदा काहीच जाणवत नाही. रक्तात लिटरमागे 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) हे ठीक, 2.5 च्या खाली गेलं की हातापायातलं बळ जातं, हृदयाचे ठोके बिघडतात. हे पोटरी चेपून कळत नाही, रक्त तपासूनच कळतं.

आता केळी. जेवणात कमी पडलं म्हणून पोटॅशियम उतरलं, असं क्वचितच होतं. बहुतेकदा ते गळतं: उलट्या-जुलाबांतून, किंवा बीपीसाठी दिलेल्या लघवीच्या गोळीमुळे. रक्तातला आकडा 4 वरून 3 वर आला, तर शरीरातून साधारण 200 ते 400 मिलिइक्विव्हॅलंट गेलेलं असतं. एका मध्यम केळ्यात जेमतेम 10. करा हिशोब, आणि तोही गळती थांबली असं धरून! शिवाय लघवीच्या गोळीने किंवा उलट्यांनी क्लोराइडही जातं, ते केळ्यातून फारसं मिळत नाही. म्हणून डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं ते बेचव औषध देतात. मॅग्नेशियमही उतरलेलं असेल, तर ते सुधारेपर्यंत पोटॅशियम वर यायला तयारच होत नाही.

शहाळं निरोगी माणसाने खुशाल प्यावं. पण किडनी अधू असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असेल, तर रोजच्या शहाळ्याने पोटॅशियम वाढून बसतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं.

सैंधव? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटॅशियम असतं ते ‘लो सोडियम’ मिठात, आणि किडनीच्या रुग्णाला नेमकं तेच वर्ज्य.

खरी गंमत काढ्याची आहे. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात, आठवडेच्या आठवडे घेतला, तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे किडनी मीठ धरून ठेवते, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. म्हणजे केळ्यांनी जे भरायचं, ते ओतून टाकायची सोयही त्याच मजकुरात!