तान्हा पोळा, काळी माती आणि मुलांचे हात

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरे आपापले बैल मिरवतात त्या सणाला, अजून अठरा-वीस दिवस आहेत आणि आमच्या ओसरीवर कालपासून मातीचे सहा बैल वाळत पडले आहेत. त्यांपैकी दोघांना अद्याप शिंगे बसलेली नाहीत, एकाचे वशिंड मानेपाशी सरकले आहे आणि एकाचे पोट मातीच्या वजनाने खाली आले आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी आणि शेजारची दोन लेकरे यांनी मिळून ते घडवले आहेत आणि मोठ्या माणसाचा हात त्यांपैकी एकालाही लागलेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हा हात लागू न देणे हीच या सगळ्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, असे माझे तीन वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत झाले आहे.

मुलांसोबत घरी हस्तकला करतो असे सांगितले की पहिला प्रश्न साहित्याचा येतो. कोणते किट मागवले, कितीला पडले, यवतमाळला मिळते की ऑनलाइन घ्यावे लागते, असे विचारले जाते. यात विचारणाऱ्याची चूक नाही. हस्तकला म्हणजे रंगीत कागद, चमकी, तयार चिकटपट्ट्या आणि डब्यावर छापलेल्या चित्रासारखी हुबेहूब वस्तू, असे आपल्या मनावर बिंबले आहे. ज्या घराच्या मागे तुराट्या रचलेल्या आहेत, गोठ्यात कुटार म्हणजे पिकाचा भुसा आहे, धुऱ्यावर बाभूळ आणि पळस उभे आहेत, त्या घरातील आईवडिलांनी मुलांच्या हस्तकलेसाठी चारशे-पाचशे रुपयांचे खोके मागवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पैसे जातात हे तर खरेच. परंतु त्या खोक्यातील प्रत्येक तुकडा आधीच कापलेला आणि मोजलेला असल्यामुळे मुलाला करायला फक्त चिकटवणे उरते. माती कशी वागते, ज्वारीचा वाळका धांडा कुठे मोडतो, दोरा कधी तुटतो, हे त्याला कळत नाही. मला हस्तकलेतून मुलांना जे मिळावे असे वाटते, ते नेमके हेच आहे.

मातीचेच उदाहरण घेते. पहिल्या वर्षी आम्ही सरळ शेतातली काळी माती आणली, भिजवली, मळली आणि बैल केले. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पायांना तडे गेले होते आणि दुपारपर्यंत मुलाच्या बैलाचे डोके वेगळे झाले. तो फार रडला. तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगितले की काळी माती एकटी कधी घ्यायची नसते. कारण अगदी सोपे आहे आणि ते मुलांनाही लगेच पटले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात आपल्या वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. जे वावराचे होते तेच बैलाचे होते. मुलाने त्या दिवसापर्यंत भेगाळलेली जमीन शेकडो वेळा पाहिली होती, परंतु ती तशी का होते हे त्याला तुटलेल्या बैलाने शिकवले.

आता आम्ही भिंतींना पोतारा द्यायला आणतात ती पांढरी माती आणि नाल्याच्या काठचा गाळ अर्धा-अर्धा घेतो, खडे निघेपर्यंत चाळतो, त्यात हाताने चुरलेले बारीक कुटार आणि बोंडातून सुटा केलेला थोडा कापूस मिसळतो आणि एक रात्र ओल्या फडक्याखाली ठेवतो. कुटार आणि कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. जुन्या मातीच्या भिंतींत भुसा कालवत असत तो याचसाठी. पायांना आधार म्हणून आत काड्या घालण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा, कारण माती आकसते, काडी आकसत नाही आणि तडा नेमका तिथेच जातो. शिंगे किंवा वशिंड जोडताना दोन्ही जागा काटकीने खरवडून त्यांवर पातळ चिखल लावला तरच जोड टिकतो. अगदी लहान मुलाकडून आधी बसलेला बैल करून घ्यावा. त्याचे पाय पोटाशी दुमडलेले असतात आणि तुटण्याचा प्रश्नच राहत नाही. पावसाळी हवेत हे बैल सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यावे लागतात. नंतर जाड पुठ्ठ्याच्या फळीवर बसवून, बाटल्यांच्या झाकणांची चाके आणि खराट्याच्या काडीचा आस लावला की तान्ह्या पोळ्यात दोरीने ओढता येईल असा बैल तयार होतो. सुताराच्या हातचा लाकडी नंदी घरोघरी पिढ्यानपिढ्या जपला जातो आणि तो जपलाच पाहिजे. आमच्याही देवघरात सासऱ्यांच्या लहानपणीचा एक आहे. पण बोजारा, म्हणजे बैलासाठीचा खाऊ-पैसा, मागायला घरोघर जाताना माझा मुलगा आता स्वतःचाच बैल नेतो.

दुसरा जिन्नस ज्वारीचा धांडा. आमच्या भागात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतल्यापासून तो पूर्वीसारखा सहज मिळत नाही, म्हणून गुरांसाठी जो थोडा कडबा येतो त्यातूनच आम्ही दहा-बारा सरळ धांडे आधी काढून ठेवतो. धांड्याची वरची साल काढली की आत पांढरा, हलका, नखाने दबणारा गाभा असतो. सालीची पट्टी टोकदार कापून गाभ्यात खुपसली की डिंकाशिवाय जोड बसतो. एवढ्या दोन गोष्टींतून बैलगाडी, चष्मा, खाट, तराजू, माळा, काहीही होते. साल काढताना मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसावे, कारण तिची कड ब्लेडसारखी बोट कापते.

धांड्याची खाट करताना मुलीच्या लक्षात आले की चार काड्यांचा चौकोन हाताने दाबला की तिरका होतो, पण त्यात एक आडवी-तिरपी काडी टाकून दोन त्रिकोण केले की हलत नाही. मी तिला गोठ्याच्या छपराची कैची दाखवली. ती बराच वेळ वर पाहत उभी राहिली आणि मग तिने घरातल्या सायकलीपासून विजेच्या मनोऱ्यापर्यंत सगळीकडे त्रिकोण शोधायला सुरुवात केली. अरविंद गुप्ता यांचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या या माणसाने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर मुलांना भूमिती शिकवली आणि पुढे कितीतरी वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात घालवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे व्हॉल्व्ह ट्यूब नसेल तेव्हा आम्ही बाभळीचे काटे टाचणीसारखे वापरतो. शिंदीच्या पानाची भिंगरी तर काट्यावाचून होतच नाही.

माझ्या मनात एक खंत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलीच्या आधीच्या शाळेत टाकाऊतून टिकाऊ असा प्रकल्प होता. तिने चार दिवस खपून धांड्याची बैलगाडी केली. जू, साट्या, चाकांतले आरेसुद्धा. वर्गात तिला सांगण्यात आले की हे शाळेत मांडण्यासारखे नाही, नीटनेटके काहीतरी आण. बक्षीस दुकानातून विकत आणलेल्या थर्माकोलच्या बंगल्याला मिळाले. आपल्या राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर २०१८ मध्ये बंदी आली, हे मुलांना पर्यावरणाच्या तासाला शिकवतात, आणि प्रकल्पाच्या दिवशी मात्र तोच थर्माकोल गुण मिळवतो. खेड्यात तो कुजत नाही, उकिरड्यावर वाऱ्याने फिरत राहतो किंवा कचऱ्यासोबत पेटवला जातो. पण मला त्याहून जास्त लागले ते हे की त्या दिवसानंतर वर्षभर माझ्या मुलीने धांड्याला हात लावला नाही.

हे सर्व आपल्याच प्रदेशात घडते, याचे दुःख अधिक आहे. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी जी शिक्षण परिषद भरली, तिथेच गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण हा विचार देशासमोर ठेवला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सूतकताई हा तिचा एक मुख्य उद्योग होता. आज कपाशीच्या पट्ट्यातील मुले वेचणी पाहतात, भरलेल्या गाड्या पाहतात, कापसाच्या भावावरची घरातली बोलणी ऐकतात; पण कापसाचा धागा कसा होतो हे त्यांनी हाताने करून पाहिलेले नसते. म्हणून मागच्या दिवाळीनंतर आम्ही सूत कातायची टकळी केली. वीतभर बांबूची काडी घासून गुळगुळीत केली, वरच्या टोकाला खाच पाडली, खालच्या बाजूला नारळाच्या करवंटीची गोल चकती मधोमध भोक पाडून घट्ट बसवली. मुलांनी बोंडातला कापूस घेतला, सरकी काढली, बोटांनी तंतू मोकळे केले आणि ओढायला लागली. पहिले दोन दिवस धागा वीतभरही निघाला नाही. पीळ कमी पडला की धागा सुटतो, जास्त पडला की गाठी येतात, आणि हे नेमके किती, ते सांगून समजत नाही, बोटांनाच कळावे लागते. तिसऱ्या दिवशी मुलीने हातभर सूत काढले आणि ते आपल्या मनगटाला बांधले. धांड्याचा अबोला त्यानंतरच सुटला.

डिंकाविषयी थोडे लिहिते, कारण बराचसा खर्च त्यावरच होतो. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घातला की सकाळी गाळून वापरता येतो आणि कागदाला तो उत्तम धरतो. पुठ्ठ्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ पुरते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि मुलांचे हात तोंडात जातात, त्यामुळे ते अजिबात घालू नये, लागेल तेवढी खळ करून दोन दिवसांत संपवावी. जुनी वर्तमानपत्रे भिजवून कुटलेल्या लगद्यात मेथीची पूड घालून पातेल्यावर थापून टोपल्या करण्याची पद्धत पुष्कळ घरांतील आज्यांना अजूनही येते, त्यांना विचारावे.

रंगांत हळदीइतकी मजा कशातच नाही. हळद पाण्यात कालवून कागदावर फासायची, वाळू द्यायचा आणि मग कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहायचे. पिवळ्या कागदावर अक्षरे लाल उमटतात. साबणाच्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो. कुंकू करताना हळदीत चुना घालतात ते त्याच कारणाने. माझ्या मुलाने या रीतीने आजीला पत्र लिहिले होते. फाल्गुनात पळसाची फुले वेचून सावलीत वाळवून ठेवली तर वर्षभर रंग मिळतो. रात्रभर भिजवून उकळले की केशरी-पिवळे पाणी निघते. होळीआधी शेणाच्या चाकोल्या थापताना चंद्र-सूर्य-तारे करणे, जूनमध्ये रुजलेल्या आंब्याच्या कोयीची पुंगी घासणे, ही कामे तर मुले आपसूकच करतात. आपण फक्त हात घाण होतील म्हणून ओरडू नये.

हात आवरण्याविषयी मी सुरुवातीला जे लिहिले, ते मला आत्याबाईंनीच शिकवले. पहिल्या वर्षी मुलाच्या बैलाचे शिंग वाकडे झाले म्हणून मी ते सरळ करायला गेले, तेव्हा त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “करू दे ना वं त्याले. तू काहाले हात लावतं?” मी हात मागे घेतला. आईने सरळ केलेले शिंग मुलाला लगेच ओळखू येते. मग तो बैल त्याचा राहत नाही आणि पुढच्या वेळी तो आपल्याकडेच पाहत बसतो की आता आई करून देईल. मुलाने विचारले तर रीत सांगावी, आपला वेगळा बैल करून दाखवावा, पण त्याच्या बैलाला बोट लावू नये. खरे तर यासाठी पैशापेक्षा वेळ लागतो आणि तो शेतीच्या कामांत काढणे सोपे नाही, हे मी जाणते. निंदणाच्या दिवसांत मीही संध्याकाळी थकून येते. तरी पावसाच्या झडीत, जेव्हा वावरात जाता येत नाही आणि मुले मोबाइल मागत असतात, तेव्हाची दुपार आम्ही या कामाला ठेवली आहे.

ज्यांना यंदा तान्ह्या पोळ्यासाठी मातीचे बैल करायचे असतील, त्यांनी या आठवड्यातच माती आणून भिजवावी, म्हणजे वाळायला पुरेसे दिवस मिळतील. ओसरीवर वाळत ठेवताना खाली गोणपाट अंथरावे आणि बैल रोज एकदा उलटावेत, नाहीतर खालची बाजू ओलीच राहते. गेरू आणि चुना पोळ्याच्या आदल्या दिवशी लावावा. चुना मात्र मोठ्यांनीच कालवावा, लेकरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये. कुणाला बारीक कुटार मिळत नसेल तर आमच्या गोठ्यातून घेऊन जावे.